पुरानें घरांत आणलेला नाग

इ. स. १८९१ मधील गोष्ट. इंडोचायनाच्या दक्षिणेस, मेकाँग नदीच्या मुखप्रदेशांत, बाक लिउ गांवाला पुरानें वेढलें. भातखाचरांच्या बांधांत व पाणथळीच्या कांठीं राहणाऱ्या नागांचीं बिळें बुडालीं आणि कोरडी जागा शोधीत ते माणसांच्या घरांत शिरले. सुमारें ४० जणांना दंश झाला; त्यांतले चौघे दगावले. पकडलेले कांहीं नाग पिंपांत भरून सैगॉनला धाडण्यांत आले. तेथें त्याच वर्षीं पाश्चर संस्थेची शाखा स्थापन करणारे आल्बेर काल्मेत यांच्या हातीं ते पडले.

विषाची मात्रा अगदीं अल्पापासून हळूहळू वाढवीत टोंचल्यास जनावराच्या रक्तांत त्या विषाचें मारक द्रव्य तयार होतें, हें काल्मेत यांनीं १८९४ सालीं फ्रान्समध्यें दाखविलें. फिझालि व बर्त्राँ ह्या दोघांनींही त्याच वर्षीं पॅरिसमध्यें तेंच सिद्ध केलें. लवकरच लील येथें घोड्यांच्या रक्तरसापासून प्रतिविष होऊं लागलें.

मात्र हें प्रतिविष सर्वच सर्पांवर चालेल, असा काल्मेत यांचा समज होता. ऑस्ट्रेलियांतील टायगर स्नेक हा दलदलीजवळ बेडूक टिपणारा जहरी सर्प. त्याच्या विषावर हें औषध निरुपयोगी ठरतें, असें १८९७ च्या सुमारास चार्ल्स मार्टिन यांना आढळलें. ज्या सर्पाचें विष, त्यावर त्याचेंच प्रतिविष हवें, हें पुढें ब्राझीलमध्यें व्हितल ब्राझिल यांनीं निश्चित केलें. हेंच तत्त्व ध्यानीं घेऊन मुंबईच्या हाफकीन संस्थेनें नाग, मण्यार, घोणस व फुरसें ह्या चौघांच्या विषांवर चालणारें एकत्रित प्रतिविष तयार केलें. अगणित शेतकऱ्यांचे प्राण त्यानें वांचविले.

परंतु बाक लिउचा नाग ह्या चौघांतला नव्हे. आपल्याकडील नागाच्या फणीवर चष्म्यासारखी खूण असते. त्याच्या फणीवर एकच वर्तुळ. काल्मेत यांच्या काळीं दोघांची एकच जात मानीत. आज त्या निराळ्या गणल्या जातात. बंगालच्या व आसामच्या भातशेतांतही हा नाग आढळतो. बंगालींत त्याला केउटे म्हणतात. आपल्याकडील नागाच्या विषापासून केलेलें प्रतिविष केउट्याच्या विषावर तोकडें पडतें, असें अलीकडील प्रयोगांत दिसून आलें आहे. ज्याच्या दंशानें ह्या शोधाचा आरंभ झाला, त्याच नागानें डसलेल्या पूर्वेकडील शेतकऱ्याला पुरतें औषध देणें हें काम अद्याप बाकी आहे.