पानिपतचं सरपण

वसईत थंडी म्हणजे पहाटे एक चादर ओढून घेण्यापुरती. तरी किल्ल्यातल्या चिमाजी अप्पांच्या पुतळ्यापाशी उभं राहिलं की मला थंडीच आठवते, पानिपतची. अप्पांनी वसई मे १७३९ मध्ये घेतली. त्यांचेच चिरंजीव सदाशिवरावभाऊ एकवीस वर्षांनी पानिपतला अडकून पडले.

पानिपत म्हटलं की आपण तोफा, डावपेच, चुका यांवर बोलतो. सरपणाचं नाव कुणी घेत नाही. नोव्हेंबर १७६० पासून अडीच महिने छावणी खंदकाआड एकाच जागी बसून होती. लढणाऱ्यांबरोबर बाजारबुणगे, बायका, यात्रेकरू. घर म्हणजे तंबू नाहीतर राहुटी, आणि कापडाने उत्तरेतली थंडी अडत नाही. ऊब काय ती चुलीची अन् शेकोटीची. हलत्या छावणीला रोज नवं रान मिळतं. बसलेल्या छावणीभोवतालचं लाकूड मात्र संपत जातं.

काशीराज पंडित तेव्हा शुजाउद्दौलाच्या पदरी, म्हणजे पलीकडच्या बाजूला होता. त्याने फारसीत लिहून ठेवलंय : उपासमारीने टेकीला आलेले सुमारे २० हजार बाजारबुणगे एका रात्री लाकूडफाटा आणायला रानाकडे निघाले. शाहपसंदखानाच्या ५ हजार गस्ती स्वारांनी त्यांना गाठून कापून काढलं. आकडा फुगवलेला असेलही. पण ती माणसं लढायला नव्हे, मोळी आणायला निघाली होती.

पानिपतला 'हिंदू विरुद्ध मुसलमान' म्हणणारे एक विसरतात. इब्राहिमखान गारदी आणि त्यांचे शिपाई याच खंदकाआड होते, त्याच संपत चाललेल्या सरपणावर. १४ जानेवारी १७६१ ला तेही भाऊंसोबत लढले. इब्राहिमखान जखमी होऊन पकडले गेले आणि नंतर मारले गेले.