सुक्या मिरचीची साक्ष

मळ्यातील भाजीपाल्यात विठ्ठल पाहणारा सावता माळी यांच्या नावावरील अभंग मराठी शाळांतून पिढ्यान् पिढ्या शिकवला जात आहे. आम्हीही तो कित्येक वर्षे शिकवला. त्या अभंगात लसूण आणि कोथिंबीर यांच्यामध्ये मिरची बसलेली आहे. तिच्यापाशी मात्र आम्ही एकदाही थांबलो नाही. सावतोबांनी अरण येथे देह ठेवला तो शके १२१७, म्हणजे इ. स. १२९५ मध्ये, आणि मिरचीचे झाड त्यानंतर जवळजवळ दोनशे वर्षे अटलांटिक महासागराच्या अलीकडे कोणी पाहिलेलेही नव्हते.

ही अडचण आमच्या ध्यानात आली ती एखादा संशोधनग्रंथ वाचताना नव्हे, तर गोव्यात साष्टी महालातील एका ख्रिस्ती घरी डुकराच्या मांसाची हंडी शिजत असताना. आम्ही स्वतः मांसाहारी नाही. तथापि पाहण्यास कसलीच आडकाठी नव्हती, आणि यजमानीणबाईंनाही मास्तरांना स्वयंपाकघरात बसवून शिकविण्याची हौस वाटली. त्या पदार्थास गोव्यात 'विंदालू' म्हणतात. शहरांतल्या खानावळींत याच नावाखाली जे मिळते त्याचा या हंडीशी फारसा संबंध नाही, हे प्रथमच सांगून टाकलेले बरे.

बाईंनी किलोभर मांसाला वीसेक सुक्या मिरच्या घेतल्या होत्या. त्या बहुतेक ब्याडगी होत्या: सुरकुतलेल्या, गडद तांबड्या, रंगाला उदार आणि तिखटाला बेताच्या. संकेश्वरी मिरची नुसती वापरली तर रंग येण्याआधीच जीभ पोळते, असे त्यांचे म्हणणे. बेळगावकडच्या आमच्या वाचकांना ते पटावे. देठ मोडून, बी झटकून त्या मिरच्या शिर्क्यात भिजत घातल्या. हा शिर्का विकतचा नव्हता. रेंदेराने माडावरून उतरवलेली सूर मडक्यात आंबवून तो घरीच केलेला होता. मिरच्या फुगून मऊ झाल्यावर त्या लसणाच्या एका अख्ख्या गड्ड्यासह, आले, जिरे, मिरे, लवंग, दालचिनी आणि थोडी हळद घालून पाट्यावर वाटल्या. वाटताना पाण्याचा थेंब घालायचा नाही. लागेल तो शिर्काच. चरबीसकट कापलेल्या मांसाच्या फोडींना मीठ आणि हे वाटण चोळून हंडी रात्रभर झाकून ठेवली, आणि दुसऱ्या दिवशी मंद विस्तवावर चढवली. मांसाला आपलेच पाणी सुटले, चरबी वितळून तांबडी झाली आणि कडेला तरंगू लागली. मिरचीचे तिखट आणि तिचा रंग दोन्ही पाण्यापेक्षा चरबीत अधिक सहज उतरतात. म्हणून दुबळ्या मांसाचा विंदालू फिका होतो. हंडी उतरल्यावर बाईंनी ती त्या दिवशी वाढलीच नाही. रोज एकदा ऊन करून ठेवली की तिसऱ्या-चौथ्या दिवशी ती खरी लागते, असे त्या म्हणाल्या. खारवलेले, आंबवलेले हे अन्न टिकते. आणि टिकण्यासाठीच ते मुळात जन्मास आले.

'विंदालू' हा शब्द पोर्तुगीज 'व्हिन्या द आल्योश' याचा गोव्यात घासून झालेला अवशेष होय. द्राक्षाचे मद्य किंवा त्याचा शिर्का आणि लसूण यांत मुरवलेले मांस, एवढाच त्याचा अर्थ. मदैरा बेटावर आजही नाताळात ते करतात, आणि त्यात मिरची असलीच तर नावापुरती. १५१० मध्ये आल्फोन्सो द आल्बुकेर्क याने गोवे घेतल्यावर ही रीत येथे आली. द्राक्षाच्या शिर्क्याची जागा माडाच्या शिर्क्याने घेतली, मिरे-दालचिनी दाराशीच होती, आणि पुढे केव्हातरी मिरची येऊन मिळाली. ती नेमकी कोणत्या वर्षी आली हे सांगता येत नाही. परंतु गार्सिया द ओर्ता या वैद्याने १५६३ मध्ये गोव्यातच छापलेल्या आपल्या औषधिविषयक संवादग्रंथात मिऱ्यांवर स्वतंत्र संवाद लिहिला आहे, मिरचीवर लिहिलेला नाही. मौनावरून फार मोठा निष्कर्ष काढू नये हे आम्ही जाणतो. तरी बाजारात मिरचीचे ढीग असते तर असा चौकस मनुष्य गप्प राहिला असता काय?

मिरचीचे मूळ घर मेक्सिको आणि दक्षिण अमेरिका. तेथे डुकरे नव्हती. ती कोलंबसाच्या १४९३ च्या दुसऱ्या सफरीबरोबर गेली. युरोपात डुकरे होती, मिरची नव्हती. म्हणजे हे दोन जिन्नस एका भांड्यात पडणे १४९२ पूर्वी जगात कोठेच शक्य नव्हते. आज अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यात 'कार्ने आदोवादा' नावाचा पदार्थ करतात. १५९८ मध्ये हुआन दे ओन्याते याने तेथे स्पॅनिश वसाहत नेली. घराच्या भिंतीवर टांगलेल्या माळेतल्या सुक्या मिरच्या घ्यायच्या, बी काढून भिजवायच्या, लसणाबरोबर वाटायच्या आणि त्यात डुकराचे मांस मुरवून मंद आचेवर शिजवायचे. 'आदोबो' म्हणजे स्पॅनिश मुरवण. पोर्तुगीज रीतीची ती सख्खी बहीण. मेक्सिकोतील बायका मिरची ज्या दगडी 'मेताते'वर वाटतात तो पाहून आपल्याकडील कोणाही गृहिणीला पाटा-वरवंटा आठवेल. भेद आहे तो असा, की तिकडे मिरची हेच पदार्थाचे अंग असते; तिचाच गर रस्सा होतो, म्हणून मिरच्याही ओंजळीने लागतात. गोव्यात आंबट हे अंग राहिले आणि मिरची मिऱ्यांच्या शेजारी मसाल्यात बसली. आम्हांस या भेदात त्या त्या भूमीचा स्वभाव दिसतो. मेक्सिकोने मिरची हजारो वर्षे खाल्ली होती, तर गोव्याने मिऱ्यांचे तिखट.

मिऱ्यांच्या या जवळिकीमुळेच नावाचा घोटाळा झाला. कोलंबसालाही मिरची हे मिऱ्यांचेच चढे भावंड वाटले. १५४२ मध्ये जर्मन वैद्य लेओनहार्ट फुक्स याने मिरचीचे उत्तम चित्र छापले आणि तिला कालिकतचे मिरे ठरवले. आपण काही वेगळे केले नाही. संस्कृत 'मरीच', त्यावरून मिरे, आणि मिऱ्यासारखी तिखट ती मिरची. कोकणीतील 'मिरसांग' म्हणजे तर मिऱ्याची शेंगच. बटाटा, काजू, अननस यांनी आपली परकी नावे बरोबर आणली, म्हणून त्यांचे परकेपण आपण विसरलो नाही. मिरचीने देशी नाव घेतले आणि ती कुळात मिसळून गेली. आयुर्वेदाच्या त्रिकटूत सुंठ, मिरे आणि पिंपळी आहेत, मिरची नाही. पण हे कोणाच्या लक्षात येणार? उलट विंदालूतील शिर्का माडाचा, दालचिनी-मिरे पश्चिम किनाऱ्याचे, पाटा आपला. नाव तेवढे पोर्तुगीज राहिले, आणि तेवढ्यावरून तो परक्यांचा पदार्थ ठरला. इंग्रजांच्या हाती गेल्यावर त्या नावातही कोणाला 'आलू' दिसला आणि हंडीत बटाटा पडू लागला. तोही अमेरिकेचाच!

मराठी अभ्यासकांनी या हंडीकडे पाठ फिरवली यास कारण आहे, आणि ते आम्ही झाकू इच्छित नाही. गोव्यात डुकराचे मांस ही केवळ रुचीची गोष्ट नव्हती. धर्मांतराची ती खूण होती. १५६० पासून १८१२ पर्यंत, मधला एक खंड वगळता, तेथे इन्क्विझिशन चालले. १७३६ च्या त्याच्या आज्ञापत्राने ख्रिस्ती झालेल्यांना तुळस लावण्याची आणि हिंदूंप्रमाणे बिनमिठाचा भात शिजवण्याचीही मनाई केली. अ. का. प्रियोळकरांनी १९६१ मध्ये इंग्रजीत या संस्थेचा इतिहास प्रसिद्ध केला, त्यामुळे हे सारे आपल्याला ज्ञात आहे. चुलीवर सत्तेची अशी नजर असलेल्या घरांत काय शिजले, काय शिजवावे लागले आणि काय पुढे आवडीचे झाले, यांतील रेषा आज काढता येणार नाही. पण त्याच घरांसाठी, त्याच साष्टीत, फादर स्टीफन्सने मराठी ओव्यांत ख्रिस्तपुराण रचले. ते १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले. त्या पुराणाला आपण आपल्या वाङ्मयेतिहासात मानाचे पान देतो. पुराण ऐकणाऱ्यांची चूल मात्र आपल्या लेखी अस्तित्वातच नाही, हे आम्हांस न्याय्य वाटत नाही.

आता पुन्हा सावतोबांकडे वळू. कोणी म्हणेल, अभंगातील मिरची म्हणजे मिरेच असतील. परंतु मिऱ्यांचा वेल दमट हवेत, झाडांच्या सावलीत वाढतो. अरणच्या कोरड्या भूमीत तो मळ्याच्या वाफ्यात लसूण-कोथिंबिरीशेजारी येत नाही, आणि अभंग तर मळ्यातल्याच पिकांचा आहे. ती मिरचीच आहे. तेव्हा एक तर संपूर्ण अभंग सोळाव्या शतकानंतरचा, किंवा जुन्या अभंगात गाणाऱ्यांनी आपल्या मळ्यातले नवे पीक बसवले. आमचा कल दुसऱ्या पर्यायाकडे आहे. सावतोबांचे अभंग काशिबा गुरवांनी लिहून ठेवले अशी परंपरा असली, तरी ते शतकानुशतके तोंडोतोंडी चालत आले. आणि जो माळी विठ्ठलाला आपल्या मळ्यात पाहतो त्याच्या मळ्यात मिरची लागली, की ती अभंगात येणारच. मूळ ओळीत त्या जागी काय होते, हे हस्तलिखिते ताडून पाहणाऱ्यांनी शोधावे.

नंतरच्या वर्षी हा अभंग शिकवताना आम्ही त्या शब्दापाशी थांबलो आणि ही सारी हकीकत वर्गास सांगितली. मागच्या बाकावरील एका मुलीने विचारले, "सर, मग सावतोबांच्या भाजीला तिखट काय घालत असतील?" आम्ही आले आणि मोहरी सांगितली. मिरे मात्र त्यांना घाटाखालून आलेल्या व्यापाऱ्याकडून विकतच घ्यावे लागले असते.