पाहुण्या फोनची ओळख : प्रस्तावना

मुंबईहून पुण्याला जाताना घाट ओलांडला की फोनवर ‘रोमिंग’ हा शब्द उमटायचा, ते दिवस अनेकांना आठवत असतील. राज्य एकच, पण दूरसंचाराच्या नकाशावर मुंबई हे एक सर्कल आणि गोव्यासह उरलेला महाराष्ट्र दुसरं. आलेला कॉल घ्यायलाही पैसे पडत, म्हणून लोक नाव पाहून फोन कट करत. त्या एका शब्दामागची व्यवस्था उलगडून पाहणारं हे अभ्यासक्षेत्र आहे.

हुंडीचा व्यवहार ज्यांना ठाऊक आहे, त्यांना रोमिंगचं मर्म चटकन कळेल. परगावचा सराफ हुंडी आणणाऱ्याला ओळखत नसे; तो पेढीची पत ओळखे. फोनचंही तसंच. परकी कंपनी सिमवरून मूळ कंपनी शोधते आणि खातरजमा करते. तिची रीत मोठी चतुर आहे. सिममधली गुप्त किल्ली कधीच बाहेर पडत नाही. मूळ कंपनी दर वेळी नवा आकडा आणि त्याचं अपेक्षित उत्तर पाठवते. यजमान कंपनी तो आकडा फोनला देते आणि आलेलं उत्तर ताडून पाहते. गुपित न कळताही ओळख पटते. पैशांचा हिशेब दोन्ही कंपन्या मागाहून आपसांत मिटवतात.

१९८७मध्ये कोपनहेगनला १३ देशांतल्या दूरसंचार संस्थांनी जीएसएम या मोबाइल यंत्रणेच्या करारावर सह्या केल्या, त्या एकच फोन युरोपभर चालावा म्हणून. १९९२मध्ये फिनलंड आणि ब्रिटनमधल्या कंपन्यांनी रोमिंगचा पहिला आंतरराष्ट्रीय करार केला. पण युरोपीय संघात रोमिंगचा जादा आकार उठला तो १५ जून २०१७ रोजी. फोनने सीमा ओलांडल्यावर दराला ती ओलांडायला पंचवीस वर्षं लागली! आपल्याकडेही नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय जानेवारी २०११मध्ये देशभर आली, ती सर्कलपुरतीच. मुंबईचा नंबर पुण्याच्या सर्कलमध्ये नेण्याची मुभा मिळाली जुलै २०१५मध्ये.

म्हणूनच या विषयात अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याइतकाच अर्थशास्त्राचा आणि कायद्याचा विद्यार्थीही घरचाच आहे. गणिताला बिचकणाऱ्यांनीही निःशंक यावं. परदेशी विमानतळावर उतरून फोन सुरू केला की तो क्षणभर काहीतरी शोधत राहतो. तो क्षण हेच आपलं पहिलं प्रकरण.