आईला लिहिलेले युद्ध : कॅप्टन कल्याण मुखर्जी यांची मेसोपोटेमियातील पत्रे

१/ ऑक्टोबर १९१५. टायग्रिस नदीच्या काठाने ब्रिटिश-हिंदी सेना बगदादच्या दिशेने सरकत होती. तिच्यातील एका बंगाली लष्करी डॉक्टरने आईला पत्र लिहिले. पत्रात विजयाचा उल्लास नव्हता. ज्या साम्राज्याचा गणवेश तो अंगावर वागवत होता, त्याच साम्राज्याच्या देशभक्तीची त्याने झाडाझडती घेतली होती.

२/ हा डॉक्टर म्हणजे कॅप्टन कल्याण कुमार मुखर्जी, इंडियन मेडिकल सर्व्हिसमधील अधिकारी. नोव्हेंबर १९१४ मध्ये तुर्कस्तानाशी युद्ध सुरू होताच ब्रिटिशांनी इराणच्या आखाताच्या टोकाशी फौज उतरवली आणि बसरा घेतले. अबादानचा तेलशुद्धीकरण कारखाना सुरक्षित राखणे हा त्यामागचा एक मुख्य हेतू. पण यश मिळत गेले तसा मोह वाढला. अमारा पडले, कुत पडले आणि मग बगदाद खुणावू लागले.

३/ या आगेकुचीचा कणा होती जनरल टाउनशेंड यांची ६वी पुणे डिव्हिजन. १०३, ११० आणि ११७ क्रमांकांच्या मराठा पलटणी तिच्यातच होत्या. पुण्याचे नाव धारण करणारी ही डिव्हिजन इराकच्या उन्हात लढत होती.

४/ कल्याणबाबूंच्या पत्रातील विचार थोडक्यात असा : देशप्रेमाचा जो धडा इंग्लंडने आपल्याला शिकवला आणि सारी सुधारलेली राष्ट्रे जो मिरवतात, तोच या रक्तपाताच्या मुळाशी आहे. दुसऱ्याची भूमी हिसकावून घ्यायची, त्यासाठी हजारो माणसे मारायची आणि त्याला देशभक्ती म्हणायचे.

५/ ते एवढ्यावर थांबले नाहीत. बंगालमध्ये तेव्हा क्रांतिकारकांच्या बॉम्बचा काळ होता. आपल्या देशातील तरुणांनीही हिंसेचा हाच धडा गिरवायला घेतला आहे, याचे त्यांना दुःख वाटत होते. राष्ट्राराष्ट्रांतील संकुचितपणा संपल्याशिवाय हा रक्तपात थांबणार नाही, असे त्यांचे मत होते. वरिष्ठांना पाठवायच्या अहवालात अशा विचाराला जागा नव्हती. आईच्या पत्रात ती मिळाली.

६/ पुढच्याच महिन्यात, २२ नोव्हेंबरला, बगदादच्या अलीकडे टेसिफॉन येथे लढाईला तोंड फुटले. ब्रिटिश-हिंदी फौजेचे सुमारे साडेचार हजार लोक मृत वा जखमी झाले. जखमींना स्प्रिंग नसलेल्या गाड्यांतून नदीपर्यंत आणि तेथून खचाखच भरलेल्या बोटींतून बसऱ्याकडे न्यावे लागले. त्यांच्या हालांची कहाणी पुढे १९१७ च्या मेसोपोटेमिया आयोगाच्या अहवालात नोंदली गेली.

७/ माघार घेत डिव्हिजन कुत येथे परतली. ७ डिसेंबर १९१५ रोजी तुर्की वेढा पडला आणि तो जवळपास पाच महिने टिकला. बिनतारी संदेश येत-जात होते, पण घरच्या पत्रांची वाट बंद झाली. धान्य आटले, तेव्हा घोडे कापले गेले. अनेक हिंदी शिपायांनी ते मांस दीर्घकाळ नाकारले आणि स्कर्व्हीने त्यांना ग्रासले.

८/ २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागती पत्करली गेली. सुमारे १३ हजार जण कैदी झाले. टाउनशेंड यांना इस्तंबूलजवळच्या बेटावर सुखाने ठेवण्यात आले. साध्या शिपायांना मात्र वाळवंट तुडवत पायी नेले गेले. बगदाद रेल्वेच्या कामासाठी अनेकांची रवानगी रास-अल-ऐन येथे झाली.

९/ कल्याणबाबूही कैदी म्हणून रास-अल-ऐनला पोहोचले. तेथे आजारी कैद्यांवर उपचार करता करता ते स्वतः तापाने आजारी पडले. मार्च १९१७ मध्ये तेथेच त्यांचा अंत झाला. त्याच महिन्यात ब्रिटिश फौजेने बगदाद जिंकले.

१०/ मग ही पत्रे आज माहीत कशी? १९२८ मध्ये त्यांच्या आजीने, मोक्षदा देवींनी, ‘कल्याण-प्रदीप’ हा बंगाली ग्रंथ प्रसिद्ध केला. तेव्हा त्यांचे वय ८० च्या घरात होते. नातवाचे चरित्र, त्याची पत्रे आणि मेसोपोटेमियाच्या मोहिमेचा वृत्तान्त त्यांनी त्यात एकत्र गुंफला. साम्राज्यावरील नातवाची टीकाही त्यांनी, ब्रिटिश राज्य असतानाच, छापली.

११/ साध्या शिपायाच्या पत्राचे नशीब निराळे होते. ज्याला लिहिता येत नसे, तो दुसऱ्याकडून पत्र लिहवून घेई. घरी आईला ते कोणीतरी वाचून दाखवी. मधे सेन्सॉर असे. फ्रान्समधील हिंदी फौजेची टपाल तपासण्यासाठी तर बोलोन येथे स्वतंत्र कचेरी होती. शिपायांना हे ठाऊक असल्याने ते आडवळणाने लिहीत. ‘काळी मिरी’ म्हणजे हिंदी शिपाई, ‘लाल मिरची’ म्हणजे गोरे.

१२/ त्या पत्रांतील उतारे सेन्सॉरने इंग्रजीत भाषांतर करून अहवालांना जोडले. ते अहवाल आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत, मूळ पत्रे मात्र बहुतांशी नाहीशी झाली. लेकरू आईशी ज्या भाषेत बोलले ती भाषा हरवली, आणि त्याच्यावर पाळत ठेवणाऱ्याचे भाषांतर तेवढे उरले.

१३/ महाराष्ट्रात, विशेषतः सातारा परिसरात, काही गावांमध्ये आजही एक छोटी दगडी पाटी दिसते. या गावातून महायुद्धाला किती माणसे गेली आणि त्यांतील किती जणांनी प्राण दिले, एवढाच मजकूर तिच्यावर असतो. नावे नसतात, फक्त आकडे. कल्याणबाबूंनी आईला काय लिहिले ते आज वाचता येते, कारण एका आजीने ते जपले. त्या आकड्यांतील माणसांनी आपापल्या आईला काय कळवले असेल, हे सांगणारा कागद पाटीशेजारी नाही.

(समाप्त)