हर्ड : एका रखडलेल्या गाभ्याची हकीकत



"सर, तीस-पस्तीस वर्षांत जे पुरे झाले नाही, ते नापासच ना?" असे नववीतल्या एका मुलाने मला विचारले. प्रश्न 'हर्ड'विषयी होता.

संगणकाचे यंत्र आणि आपले प्रोग्रॅम यांच्यामध्ये बसून मेमरी, डिस्क व वेळ यांची वाटणी करणारा जो गाभा, त्यास कर्नल म्हणतात. (फौजेतला नव्हे, हुकूम मात्र याचाही चालतो.) अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली 'ग्नू' ही सर्वांना मोकळी अशी ऑपरेटिंग सिस्टिम जाहीर केली. बाकी बरेच भाग तयार झाले, राहिला तो गाभा. त्याचे काम १९९० साली सुरू झाले.

हर्डची रचना लालबाग-परळच्या चाळीत वाढलेल्यांना चटकन कळेल. पाणी, दिवे, भाडे, दुरुस्ती सारे एकाच मॅनेजरच्या हाती असले की काम झपाट्याने होते. पण त्याची चूक साऱ्या चाळीला भोवते. हर्डकारांनी प्रत्येक कामाला निराळा प्रोग्रॅम नेमला: फाइलींचा वेगळा, नेटवर्कचा वेगळा. त्यांचे निरोप पोचवायला कार्नेगी मेलन विद्यापीठात तयार झालेला 'माक' हा छोटा गाभा घेतला. एक पडला तरी बाकीचे उभे राहावेत, हा हेतू. शिवाय सुटे प्रोग्रॅम तपासायला सोपे, असाही हिशेब होता. तोच चुकला! कोणाचा निरोप कोठे अडकला हे शोधण्यातच वर्षे गेली.

तोवर १९९१ मध्ये हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने जुन्या, एकहाती धाटणीचा 'लिनक्स' गाभा लिहिला. १९९२ मध्ये तो ग्नूच्याच परवान्याखाली आला, आणि फावल्या वेळात राबणारे हात तिकडे वळले. त्यांना दोष कसा द्यावा? चालती गाडी सोडून रखडलेलीत कोण बसेल?

तरी काहीजण बसून राहिले. मध्यंतरी 'माक' काढून 'एल-४' बसविण्याचा प्रयत्न झाला, तोही तडीस गेला नाही. थोड्या माणसांनी पायाच पुन्हा उकरायला घेतला, ही मला चूक वाटते. डिसेंबर २०१६ मध्ये निघालेल्या आवृत्तीचा क्रमांक ०.९ होता.

ऑगस्ट २०२५ मध्ये डेबियनच्या स्वयंसेवकांनी हर्डवर चालणारी नवी आवृत्ती काढली. ती ६४-बिट यंत्रांवरही चालते, आणि डिस्क हाताळणारा भागही आता गाभ्याबाहेर सुटा चालतो, म्हणजे १९९० च्या बेताप्रमाणेच. डेबियनच्या भांडारातले सुमारे ७२ टक्के प्रोग्रॅम तीत मिळतात. आमच्या शाळेच्या हिशेबाने हा पहिला वर्ग झाला. डेबियनच्या मुख्य आवृत्तीत मात्र तिची गणना अजून होत नाही. त्या मुलाला मी हे दोन्ही सांगितले.