इंडेक्स फ्युचर्समध्ये डे ट्रेडिंग की घेऊन ठेवणं? दोन्हींत नेमका फरक काय?

रत्नागिरीत हापूसचं कलम लावणारा बागायतदार फळ धरायला काही वर्षं थांबतो. वाशीच्या बाजारात एखाद्या दिवशी पेटीचा भाव पडला म्हणून तो कलम उपटत नाही. शेअर बाजारात मात्र वर्षानुवर्षं थांबणं आणि रोजच्या भावावर पैसे लावणं, दोन्ही एकाच मोबाईलवरून करता येतं. त्यामुळे दोन्ही गोष्टी सारख्याच वाटू लागतात. त्या तशा नाहीत.

इंडेक्स फ्युचर्स म्हणजे काय?

निर्देशांक पुढच्या ठरलेल्या तारखेला कुठे असेल, यावरचा हा करार. राष्ट्रीय शेअर बाजारात निफ्टीचे फ्युचर्स १२ जून २००० रोजी सुरू झाले. यात शेअर हाती येत नाहीत, फक्त फरकाची रक्कम जमा किंवा वजा होते. डे ट्रेडिंगमध्ये सकाळी घेतलेला सौदा त्याच दिवशी बंद केला जातो.

धोका कुठे आहे?

सेबीने ऑक्टोबर २०२४ मध्ये नव्या करारांची किमान किंमत १५ लाख रुपये ठरवली. पण ट्रेडरला तेवढी रक्कम भरावी लागत नाही, मार्जिन भरून भागतं. समजा, मार्जिन २ लाख आहे. निफ्टी १ टक्का विरुद्ध गेला, तर तोटा १५ हजारांचा, म्हणजे भरलेल्या पैशाच्या साडेसात टक्के. तेच २ लाख इंडेक्स फंडात असते, तर घट २ हजारांची.

४ जून २०२४ चं उदाहरण घ्या. लोकसभा निकालाच्या त्या दिवशी निफ्टी जवळपास ६ टक्के पडला. सकाळी बाजार उघडताना तेजीचा सौदा करून तो बंद होताना विकणाऱ्याचं, १५ लाखांच्या करारावर, ८० हजारांहून अधिक नुकसान झालं असतं. ७ जूनला निफ्टी ३ जूनच्या पातळीवर परत आला. ज्याने काही विकलं नाही, त्याचा तोटा कागदावरच राहिला.

बहुतेकांचे पैसे का जातात?

फ्युचर्समध्ये एकाचा नफा हा दुसऱ्याचा तोटा असतो आणि ब्रोकरेज व कर दोघांनाही भरावे लागतात. सेबीच्या सप्टेंबर २०२४ च्या अहवालानुसार, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समधल्या एक कोटीहून अधिक वैयक्तिक ट्रेडर्सपैकी ९३ टक्के तोट्यात गेले. एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून जास्त होता. यात ऑप्शन्समध्ये तोटा होण्याचं प्रमाण फ्युचर्सपेक्षा जास्त आहे.

घेऊन ठेवणाऱ्याला कंपन्यांच्या वाढत्या नफ्यात आणि लाभांशात वाटा मिळतो. ३ नोव्हेंबर १९९५ ला १,००० धरलेला निफ्टी ऑगस्ट २०२४ मध्ये २५,००० वर गेला. लाभांश सोडून ही वाढ वर्षाला सुमारे १२ टक्के होते.

मग घेऊन ठेवणं सुरक्षित आहे का?

नेहमीच नाही. हर्षद मेहता प्रकरण उघड होण्याच्या सुमारास, एप्रिल १९९२ मध्ये, सेन्सेक्स ४,४०० च्या वर होता. अकरा वर्षांनी, एप्रिल २००३ मध्ये, तो ३,००० च्या आसपास होता. म्हणून लवकर लागणारे पैसे इथे ठेवू नयेत आणि सगळी रक्कम एकदम गुंतवण्यापेक्षा एसआयपी बरी.

काय लक्षात ठेवावं?

- कर्ज काढून किंवा बागेच्या फवारणीसाठी ठेवलेल्या पैशांतून फ्युचर्स करू नका.
- टेलिग्रामवर टिप्स देणाऱ्याची नोंदणी सेबीच्या संकेतस्थळावर तपासा.
- फसवणूक झाल्यास लगेच १९३० वर फोन करा.
- ट्रेडिंग करतच असाल, तर वर्षभराचा हिशेब खर्चासकट लिहा आणि तेवढेच पैसे इंडेक्स फंडात असते तर किती झाले असते, हे शेजारी मांडा.