अपुऱ्या दिवसांचं बाळ आणि वजनाचा आकडा

पॅरिसमधले प्रसूतितज्ज्ञ स्तेफान तार्निये यांनी प्राणिसंग्रहालयात कोंबडीची अंडी उबवायची पेटी पाहिली आणि ती बनवणाऱ्या ओदिल मार्तँ यांच्याकडे बाळांसाठी तशीच पेटी मागितली. १८८० च्या सुमारास ती मॅटर्निटी रुग्णालयात आली. गरम पाण्याच्या उबेवर चालणाऱ्या या पेटीनंतर २००० ग्रॅमपेक्षा हलक्या बाळांमधलं मृत्यूचं प्रमाण ६६ टक्क्यांवरून ३८ वर उतरलं. वजन तेवढंच, पण जगण्याची शक्यता जवळपास दुप्पट! हा फरक दाखवता आला, कारण तिथे बाळांच्या वजनाची नोंद ठेवली जात होती. तार्नियेंचे शिष्य प्येर ब्युदँ यांनी वजनाला तापमानाची जोड दिली: अंग गार पडलेलं बाळ दगावण्याचा धोका फार मोठा.

पुढे मात्र एकच आकडा डोईजड झाला. १९४८ मध्ये जागतिक आरोग्य परिषदेने २५०० ग्रॅमपर्यंतच्या प्रत्येक बाळाला ‘मुदतपूर्व’ ठरवलं. पूर्ण दिवस भरूनही लहानखुरी जन्मलेली भारतातली असंख्य बाळं या व्याख्येत ओढली गेली. ही चूक १९६१ मध्ये सुधारली आणि ‘कमी वजनाचं बाळ’ हा गट वेगळा झाला.

डेन्व्हरच्या डॉ. लुला लुबचेंको यांनी १९६३ मध्ये गर्भाचे आठवडे आणि वजन एकाच आलेखावर मांडले. १९७२ मध्ये त्याच दोन मापांवरून मृत्यूचा धोका दाखवला. (डेन्व्हर समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटरहून उंच. तिथली बाळं मुळातच थोडी हलकी, त्यामुळे तो आलेख सगळीकडे चपखल बसत नव्हता.)

असे तक्ते रुग्णालयांतले. गडचिरोलीच्या खेड्यांत १९९५-९६ मध्ये प्रसूती बहुतेक घरीच होत. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत नवजात बाळांची नोंद ठेवली, तेव्हा ४२ टक्के बाळं कमी वजनाची निघाली आणि अपुऱ्या दिवसांच्या दर तीन बाळांमागे एक दगावत होतं. गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून शिकवलं गेलं. त्या घरी जाऊन बाळाचं वजन करत, ताप मोजत, त्याला उबदार गुंडाळत, आईला अंगावर पाजायला मदत करत. जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शनही देत. पुढच्या सात वर्षांत अपुऱ्या दिवसांच्या बाळांमधलं मृत्यूचं प्रमाण ३३ टक्क्यांवरून सुमारे १० वर आलं, तेही इन्क्युबेटरशिवाय.

याच धर्तीवर २०११ पासून देशभरातल्या आशा कार्यकर्त्या वजनकाटा आणि थर्मामीटर घेऊन बाळंतिणीच्या घरी जाऊ लागल्या.